गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि जनुकांवरील मेथिल-खुणा

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करून घेतलेल्या स्त्रीच्या हाती अहवाल येतो आणि त्यावर 'एचपीव्ही पॉझिटिव्ह' असे लिहिलेले असते. हे दोन शब्द वाचताच तिच्या आणि तिच्या कुटुंबीयांच्या मनात भीती उभी राहते ती कर्करोगाची. वस्तुत: या अहवालाचा अर्थ एवढाच असतो, की पुढे कर्करोगास कारणीभूत ठरू शकणारा विषाणू शरीरात आढळला आहे. तो विषाणू काही महिन्यांत आपोआप नाहीसा होईल, की पंधरा-वीस वर्षांनी कर्करोगाला जन्म देईल, हे त्या अहवालातून कळत नाही. या प्रश्नाचे उत्तर पेशीतील जनुकांवर उमटणाऱ्या एका सूक्ष्म रासायनिक खुणेतून बऱ्याच अंशी मिळू शकते, असे गेल्या दोन दशकांतील संशोधनाने दाखवून दिले आहे. ही खूण उमटण्याच्या प्रक्रियेला डीएनएचे मेथिलीकरण असे म्हणतात.

हा प्रश्न किती मोठा आहे, हे आकडेवारीवरून ध्यानात येते. २०२२ या वर्षी जगभरात या कर्करोगाचे सुमारे ६ लाख ६० हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे साडेतीन लाख स्त्रियांचा मृत्यू झाला, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. त्यापैकी भारतातील नव्या रुग्णांची संख्या सुमारे १ लाख २७ हजार, तर मृत्यूंची संख्या सुमारे ८० हजार होती. भारतीय स्त्रियांमध्ये स्तनांच्या कर्करोगाखालोखाल याच कर्करोगाचे प्रमाण आहे. विशेष म्हणजे, वेळीच निदान झाल्यास जवळजवळ पूर्णपणे टाळता येण्याजोगा असा हा कर्करोग आहे.

मूळ कारण विषाणूचे

या रोगाचे कारण ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजेच एचपीव्ही हे आहे, हे आता निर्विवाद मानले जाते. जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटाने १९८३ मध्ये या विषाणूचा १६ क्रमांकाचा आणि १९८४ मध्ये १८ क्रमांकाचा प्रकार कर्करोगाच्या गाठींतून शोधून काढला. या कार्याबद्दल त्यांना २००८ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात असून, त्यांतील सुमारे चौदा प्रकार कर्करोगाच्या दृष्टीने धोकादायक समजले जातात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के कर्करोग १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळेच होतात.

मात्र येथे एक गोष्ट लक्षात ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. हा विषाणू शरीरसंबंधांतून पसरतो आणि तो इतका सार्वत्रिक आहे, की बहुसंख्य विवाहित स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याचा संसर्ग होऊन गेलेला असतो. संसर्ग नेमका कधी व कोणाकडून झाला, हे चाचणीवरून सांगता येत नाही. तो अनेक वर्षांपूर्वीचाही असू शकतो. त्यामुळे अशा अहवालावरून स्त्रीच्या किंवा तिच्या पतीच्या वर्तनाविषयी निष्कर्ष काढणे सर्वस्वी चुकीचे ठरते.

शरीराची प्रतिकारशक्ती बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत मोडून काढते. ज्या थोड्या स्त्रियांमध्ये विषाणू चिवटपणे टिकून राहतो, त्यांच्या गर्भाशयमुखाच्या पेशींत हळूहळू बदल होऊ लागतात. या कर्करोगपूर्व बदलांच्या सौम्य, मध्यम व तीव्र अशा तीन पायऱ्या मानल्या जातात. त्यांना वैद्यकीय परिभाषेत सीआयएन-१, सीआयएन-२ आणि सीआयएन-३ अशी नावे आहेत. सर्वसाधारण प्रतिकारशक्ती असलेल्या स्त्रीमध्ये संसर्गापासून कर्करोगापर्यंतच्या या प्रवासाला पंधरा ते वीस वर्षे लागतात. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या स्त्रियांमध्ये हाच काळ पाच ते दहा वर्षांवर येऊ शकतो.

मेथिलीकरण म्हणजे काय?

मानवी शरीरातील डोळ्याची पेशी आणि यकृताची पेशी यांच्यातील जनुके सारखीच असतात. तरीही दोघींची कामे अगदी भिन्न असतात. याचे कारण असे, की प्रत्येक पेशी आपल्याजवळच्या जनुकांपैकी काहीच वाचते आणि उरलेली बंद ठेवते. जनुके बंद ठेवण्याच्या ज्या युक्त्या निसर्गाने योजल्या आहेत, त्यांतील एक प्रमुख युक्ती म्हणजे मेथिलीकरण होय.

डीएनएचा मजकूर ॲडेनिन, ग्वानिन, सायटोसिन व थायमिन या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. यातील सायटोसिन या अक्षराला एक कार्बन व तीन हायड्रोजन अणूंचा छोटासा मेथिल गट चिकटतो. ज्या ठिकाणी सायटोसिननंतर लगेच ग्वानिन येते, अशा जोड्यांवर प्रामुख्याने हा गट बसतो. अनेक जनुकांच्या प्रारंभी अशा जोड्यांची दाटी असते. ही दाटी मेथिल-मुक्त असेल तर जनुक वाचले जाऊ शकते. तिच्यावर मेथिल गटांचे थर चढले, तर जनुक मूक होते. पुस्तकातील एक अक्षरही न खोडता केवळ दोन पाने एकमेकांना चिकटवून टाकावीत, म्हणजे मजकूर असूनही वाचता येऊ नये, तसाच हा प्रकार आहे.

हे थर चढविण्याचे काम डीएनए मेथिलट्रान्सफरेज नावाची विकरे करतात. पेशीचे विभाजन होताना जुन्या डीएनएवरील खुणा नव्या प्रतीवर उतरविणारे विकरही याच कुटुंबातील आहे. त्यामुळे एका पेशीत उमटलेली खूण तिच्यापासून निर्माण होणाऱ्या सर्व पेशींत टिकून राहते. मूळ मजकुरात झालेला बिघाड कायमचा असतो. मेथिलीकरण मात्र तत्त्वत: उलटविता येते, हा दोहोंतील महत्त्वाचा फरक होय.

विषाणू खुणा कशा बदलतो?

धोकादायक एचपीव्हीची ई६ आणि ई७ ही दोन प्रथिने या साऱ्या अनर्थाच्या मुळाशी आहेत. ई६ हे प्रथिन पेशीचे रक्षण करणाऱ्या पी५३ या प्रथिनाचा नाश घडवून आणते, तर ई७ हे पेशीविभाजनाला आवर घालणारे रेटिनोब्लास्टोमा प्रथिन निकामी करते. याच ई७ प्रथिनाचे आणखी एक कृत्य नंतरच्या संशोधनात उघडकीस आले. ते डीएनए मेथिलट्रान्सफरेज-१ या विकराला जाऊन चिकटते आणि त्याचे काम वाढविते. परिणामी, ज्या जनुकांनी जागे राहून पेशीला शिस्त लावावयाची, त्यांच्यावरच मेथिल गटांचे थर चढू लागतात.

ॲमस्टरडॅममधील संशोधकांनी २००४ मध्ये दाखवून दिले, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगपेशींत कॅडम-१ हे जनुक अशाच रीतीने मूक झालेले असते. शेजारच्या पेशींना धरून राहण्यास मदत करणारे प्रथिन हे जनुक तयार करते. प्रयोगशाळेत ते पुन्हा कार्यान्वित केले असता कर्करोगपेशींची वाढ रोखली गेली. म्हणजे या जनुकावरील खूण ही रोगाची केवळ साक्षीदार नाही, तर भागीदारही आहे. पुढे २००८ मध्ये तैवानमधील संशोधकांनी पॅक्स-१ आणि सॉक्स-१ या जनुकांवरील वाढत्या मेथिलीकरणाची नोंद केली. त्यानंतर मॅल, फॅम१९ए४, एमआयआर-१२४-२, जॅम-३, ईपीबी४१एल३, झेडएनएफ६७१ अशी अनेक नावे या यादीत आली. यांतील प्रत्येक जनुक रोगाला कारणीभूत असेलच असे नाही. काहींचे महत्त्व केवळ खूण म्हणून आहे.

मेथिलीकरण केवळ स्त्रीच्या जनुकांपुरते मर्यादित राहत नाही, ते विषाणूच्या डीएनएवरही होते. विषाणूचे ई२ हे प्रथिन एरवी ई६ व ई७ यांच्यावर अंकुश ठेवते. ते ज्या जागी बसून हे काम करते, त्या जागेवर मेथिल गट आले की त्याला तेथे बसता येत नाही आणि अंकुश सुटतो. संसर्ग जुना होत जातो तसतसे विषाणूच्या इतर भागांवरील मेथिलीकरणही वाढत गेलेले दिसते.

सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा, की या खुणा एका रात्रीत उमटत नाहीत. ताज्या संसर्गात त्या अत्यल्प असतात. कर्करोगपूर्व बदल जितका तीव्र आणि जितका जुना, तितके त्यांचे प्रमाण अधिक असते आणि प्रत्यक्ष कर्करोगात ते कमालीचे वाढते. जणू संसर्गाचे वय आणि त्याची दिशा या खुणांतून वाचता येते.

खूण वाचण्याची रीत

मेथिल गट सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. तो ओळखण्यासाठी डीएनएवर सोडिअम बायसल्फाइट या रसायनाची प्रक्रिया करतात. या प्रक्रियेत मेथिल गट नसलेल्या सायटोसिनचे युरासिलमध्ये रूपांतर होते, तर मेथिल गट असलेले सायटोसिन जसेच्या तसे राहते. मग पीसीआर या सर्वपरिचित तंत्राने निवडक जनुकांतील न बदललेली अक्षरे मोजली, की मेथिलीकरणाचे प्रमाण कळते.

या तंत्रावर आधारित चाचण्या आता उपलब्ध आहेत. युरोपात फॅम१९ए४ आणि एमआयआर-१२४-२ या जोडीवरील चाचणी, तसेच सहा जनुकांवरील एक चाचणी वापरात आहे. लंडनमध्ये विकसित झालेल्या 'एस-५' चाचणीत एक मानवी जनुक आणि विषाणूच्या १६, १८, ३१ व ३३ या प्रकारांचा डीएनए असे दोन्ही तपासले जातात. चीनमध्ये पॅक्स-१ वर आधारित चाचण्या प्रचारात आल्या आहेत. पंचवीसहून अधिक देशांतून गोळा केलेल्या ५१९ कर्करोगांच्या नमुन्यांवर फॅम१९ए४ व एमआयआर-१२४-२ ही चाचणी केली असता त्यांतील ९८.३ टक्के नमुन्यांत ती पॉझिटिव्ह आली, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हटले आहे. भिन्न देशांतील व भिन्न वंशांतील स्त्रियांमध्ये खूण तीच राहते, हे त्यातून स्पष्ट झाले.

पॅप चाचणीत तज्ज्ञाला काचपट्टीवरील पेशी डोळ्यांनी पारखाव्या लागतात. मेथिलीकरणाच्या चाचणीत हे काम यंत्र करते. शिवाय स्त्रीने स्वत:च, घरच्या एकांतात घेतलेल्या योनिमार्गातील नमुन्यावरही ती करता येते. अशा नमुन्यावर पॅप चाचणी भरवशाची ठरत नाही.

उस्मानाबादचा धडा

या चाचणीची गरज का भासते, हे समजून घेण्यासाठी महाराष्ट्रातच झालेल्या एका मोठ्या अभ्यासाकडे वळले पाहिजे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ ग्रामीण स्त्रियांचा हा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो हाती घेतला होता. गावांचे ५२ समूह पाडून काही समूहांत एचपीव्ही चाचणी, काहींत पॅप चाचणी, तर काहींत ॲसेटिक ॲसिड लावून उघड्या डोळ्यांनी केलेली तपासणी, अशी विभागणी करण्यात आली. उरलेल्या गटाला त्या वेळची नेहमीची सेवा मिळत राहिली.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी जगाचे लक्ष वेधून घेतले. आयुष्यात केवळ एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगामुळे होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४, तर तपासणी न झालेल्या गटात ६४ मृत्यू झाले. दोन्ही गटांत प्रत्येकी ३१ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. एचपीव्ही चाचणीला जगभर जे अग्रस्थान मिळाले, त्यात मराठवाड्यातील या स्त्रियांचा वाटा मोठा आहे.

याच अभ्यासाची दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. एचपीव्ही चाचणी झालेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे दहा जणी पॉझिटिव्ह आल्या. परंतु मध्यम वा तीव्र कर्करोगपूर्व बदल आढळले ते शंभरांत जेमतेम एकीला. म्हणजे उरलेल्या नऊ जणींना दुर्बिणीची तपासणी, खेपा आणि चिंता सोसावी लागते. शेतमजुरी करणाऱ्या स्त्रीचा तालुक्याच्या गावी जाण्यात एक दिवसाचा रोज बुडतो. ती दुसऱ्यांदा येईलच याची खात्री नसते. जी येत नाही, ती नेमकी दहावी असू शकते. पहिल्याच नमुन्यातून ही दहावी स्त्री वेगळी काढता आली, तर तिचा पाठपुरावा नेटाने करता येईल. मेथिलीकरणाच्या चाचणीकडून मुख्य अपेक्षा आहे ती हीच.

उपचार की प्रतीक्षा?

दुसरा प्रश्न उपचारांचा. तीव्र बदल आढळला तर तो भाग काढून टाकणे किंवा उष्णतेने नष्ट करणे, हा प्रस्थापित उपचार आहे. त्याला पर्याय नव्हता, याची साक्ष न्यूझीलंडमधील एका दु:खद प्रकरणातून मिळते. ऑकलंड येथील एका रुग्णालयात १९६० व ७० च्या दशकांत काही स्त्रियांना तीव्र बदल असूनही पुरेसे उपचार देण्यात आले नाहीत. त्याविषयी त्यांना विश्वासातही घेतले गेले नव्हते. पुढे न्यायालयीन चौकशी झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, त्यांच्यापैकी सुमारे ३१ टक्के स्त्रियांना तीस वर्षांत कर्करोग झाला. योग्य उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते.

या आकड्यांचा अर्थ दुहेरी आहे. उपचार टाळणे जीवघेणे ठरते, हे खरेच. परंतु कर्करोगाकडे न वळणारे बदलही मोठ्या संख्येने असतात आणि ते कोणते, हे पूर्वी ओळखता येत नव्हते. दुसरीकडे, गर्भाशयमुखाचा भाग काढून टाकल्याने पुढील गर्भारपणात अकाली प्रसूतीचा धोका वाढतो. विशीतील किंवा तिशीतील, मूल हवे असलेल्या स्त्रीच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नाही.

नेदरलँड्समध्ये या प्रश्नाचा अभ्यास सर्व काळजी घेऊन करण्यात आला. मध्यम वा तीव्र बदल असलेल्या ११४ स्त्रियांना त्यांच्या संमतीने, लगेच उपचार न करता, दोन वर्षे काटेकोर देखरेखीखाली ठेवण्यात आले. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, मेथिलीकरणाची चाचणी निगेटिव्ह असलेल्यांपैकी ७४.७ टक्के स्त्रियांमध्ये बदल ओसरले. चाचणी पॉझिटिव्ह असलेल्यांमध्ये हे प्रमाण ५१.४ टक्के होते. म्हणजे खूण नसेल तर थांबून पाहण्यास आधार मिळतो. मात्र हा निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचा असतो. जेथे नियमित तपासणीची शाश्वती नाही, तेथे थांबण्याचा मार्ग धोक्याचाच ठरतो.

मर्यादा

या चाचण्यांविषयी अवास्तव अपेक्षा बाळगणेही योग्य नाही. २०१९ मध्ये ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात सीआयएन-३ किंवा त्याहून गंभीर स्थिती असलेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के स्त्रिया या चाचण्यांनी ओळखल्या गेल्याचे दिसले. कर्करोग त्या क्वचितच चुकवितात, पण कर्करोगपूर्व बदलांपैकी काही निसटतात. त्यामुळे मेथिलीकरणाची चाचणी निगेटिव्ह आली, तरी एचपीव्ही पॉझिटिव्ह असलेल्या स्त्रीने डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत पुन्हा तपासणी करून घेणे आवश्यकच असते. कोणती जनुके निवडावीत व मेथिलीकरणाची कोणती पातळी धोक्याची मानावी, याबाबत सर्व चाचण्यांत एकवाक्यता नाही. बायसल्फाइट प्रक्रियेसाठी सुसज्ज प्रयोगशाळा लागते आणि खर्चही येतो. एचपीव्ही चाचणीनंतरची दुसरी पायरी, हेच तिचे योग्य स्थान होय.

मेथिलीकरण उलटविता येते, या गुणधर्माचा उपयोग औषधांसाठी करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. ॲझासिटिडिन व डेसिटाबिन ही या प्रकारची औषधे रक्ताच्या काही विकारांत वापरली जातात. मेक्सिकोतील संशोधकांनी हायड्रालाझिन व व्हॅल्प्रोएट या जुन्या औषधांची जोडी गर्भाशयमुखाच्या पुढच्या टप्प्यातील कर्करोगात केमोथेरपीबरोबर वापरून पाहिली. तथापि शस्त्रक्रिया, किरणोपचार व केमोथेरपी या मुख्य उपचारांची जागा घेईल, असे औषध यातून अद्याप हाती आलेले नाही.

आज काय करता येईल?

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये या रोगाच्या उच्चाटनासाठी २०३० पर्यंतची तीन उद्दिष्टे जाहीर केली. पंधराव्या वर्षापर्यंत ९० टक्के मुलींचे लसीकरण, ३५ व ४५ व्या वर्षापर्यंत ७० टक्के स्त्रियांची उत्तम दर्जाची तपासणी आणि रोग आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांना उपचार, अशी ही उद्दिष्टे आहेत. आपल्याकडे २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के स्त्रियांनी कधीतरी ही तपासणी करून घेतल्याचे आढळले. जेथे पहिलीच चाचणी होत नाही, तेथे दुसऱ्या चाचणीचे गुणगान व्यर्थ आहे, हे मान्य करावे लागेल.

म्हणून मेथिलीकरणाच्या चाचणीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीने उपलब्ध असेल ती तपासणी, म्हणजे एचपीव्ही, पॅप किंवा ॲसेटिक ॲसिडची, करून घ्यावी. मुंबईच्या वस्त्यांत टाटा स्मारक केंद्राने केलेल्या दीर्घ अभ्यासात आरोग्यसेविकांनी केलेल्या ॲसेटिक ॲसिडच्या साध्या तपासणीनेही मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले होते. मुलींसाठी प्रतिबंधक लस उपलब्ध आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या देशी लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. लस घेतली तरी पुढे तपासणी टाळू नये. दोन पाळ्यांच्या मध्ये, शरीरसंबंधानंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्तस्राव होणे, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, अशी लक्षणे दिसल्यास कोणत्याही चाचणीच्या निकालावर विसंबून न राहता तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

आणि अहवालावर 'एचपीव्ही पॉझिटिव्ह' हे शब्द आलेच, तर तो कर्करोगाचा निकाल नव्हे, हे स्त्रीने आणि विशेषत: तिच्या घरच्यांनी ध्यानात घ्यावे. शरीरात विषाणू आला आहे, एवढेच तो सांगतो. विषाणू कोणत्या दिशेने निघाला आहे, ते सांगणाऱ्या खुणा आता शास्त्राला वाचता येऊ लागल्या आहेत. त्यांचा लाभ गावागावांतील स्त्रीपर्यंत पोहोचायचा, तर तिने न घाबरता दुसऱ्या तपासणीला यावे आणि घरच्यांनी तिच्या सोबत यावे, ही त्याची पहिली अट आहे.